घड्याळवालीच्या डोळ्यावरचं भिंग

“तुझी मांजर आज या घरातून जाणार म्हणजे जाणार,” लेक म्हणाली आणि तिनं टोपलीचं झाकण दाबून बसवलं. आतून नखांचा खरखराट झाला.

“माझ्या घरात काय राहील आणि काय जाईल, ते तू ठरवायला लागलीस होय?” म्हातारी म्हणाली.

“मी कुठं ठरवलं? तूच म्हणालीस. आत्ता, या दादांसमोर म्हणालीस, घड्याळात मांजरीचा केस अडकला म्हणून बंद पडलं. मागच्या खेपेला मांजरीनं स्क्रू पळवला. त्याआधी मांजरीनं काटा वाकवला. एवढा उच्छाद मांडलाय तिनं, तर ठेवायची कशाला?”

ज्याचं घड्याळ, तो बसचा ड्रायव्हर स्टुलावर अवघडून बसला होता. गाडी चालवताना फोन बघायला बंदी, म्हणून बिचारा मनगटावर विसंबलेला, आणि तेच घड्याळ पुन्हा पुन्हा या टेबलावर येऊन पडलेलं. “जाऊ द्या काकू,” तो म्हणाला, “मी दुसरीकडे दाखवतो.”

म्हातारीचा गाल आवळला गेला. मला तो बरोबर कळतो, कारण त्याच गालाच्या आणि भुवईच्या चिमटीत मी उभा जन्म काढलाय. मी तिचं भिंग बोलतेय. काळ्या कड्यात बसवलेली, बाटलीच्या बुचाएवढी काच. घड्याळं दुरुस्त करणारे एका डोळ्याला लावतात ती. आणि आधीच सांगून ठेवते, या भांडणात मी मांजरीच्या बाजूची नव्हते. टोपलीचं झाकण लागलं तेव्हा माझ्या मनात उकळ्या फुटत होत्या.

मला कारखान्यात घासलं. इतकं घासलं, की माझ्या अंगाला फुगीर गोलाई आली आणि माझ्यातून बघितलं की मुंगीचा पायसुद्धा खांबासारखा दिसायला लागला. विकत घेतलं म्हातारीच्या नवऱ्यानं. त्याचा घड्याळं दुरुस्त करायचा धंदा. माणूस शांत, पण मनाचा कोता. बायकोला टेबलाजवळ फिरकू द्यायचा नाही. “बायकांच्या हाताला दम नसतो,” म्हणायचा.

दुपारी जेवून तो घोरायला लागला, की ती मला उचलायची. तेव्हा ती म्हातारी नव्हती. भंगारात टाकलेली घड्याळं उघडायची, बिघडवायची, पुन्हा जोडायची. कुणी शिकवलं नाही. एके दिवशी एक मेलेलं घड्याळ तिच्या हातात टिकटिक करायला लागलं. तिनं ते घोरणाऱ्या नवऱ्याच्या कानाशी ठेवलं. तो दचकून उठला. “हे कुणी चालवलं?”

“जिच्या हाताला दम नाही तिनं,” ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

तो बरेच दिवस फुगून बसला. मग स्वतःच टेबलाशी दुसरी खुर्ची ओढली. तो गेल्यावर तिनं बाहेरच्या पाटीवरचं त्याचं नाव रंगवून टाकलं आणि नुसतं ‘घड्याळं’ असं लिहून घेतलं.

माणसं मी फार जवळून बघितली. घड्याळ घेऊन येणारा प्रत्येक जण खोटं बोलतो. “काही झालं नाही हो, आपोआप बंद पडलं.” झाकण उघडावं तर आत पाण्याचे डाग. “खाली पडलं नाही.” तर आतलं चाक दातावर पडलेल्या पोरासारखं बोळकं. म्हातारी तोंडावर सांगायची, “खोटं बोलायचं तर घड्याळापाशी बोलू नका, ते आतून चुगली करतं.” गिऱ्हाइकं चिडायची आणि पुन्हा तिच्याचकडे यायची. म्हातारी नाकावर माशी बसू द्यायची नाही, पण काम चोख. तिच्या उजव्या डोळ्याभोवती माझ्या कड्याची गोल खूण पडली होती. ती पुसायला ती कधी गेली नाही. मला तो दागिना वाटायचा.

मग आलं ते संकट. भिंतीवरचं एक मोठं घड्याळ दुरुस्तीला आलं, आणि त्याची पेटी उघडली तर लंबकाशेजारी मांजरीचं पिल्लू. मालक म्हणाला, “ते माझं नाही.” तोही खोटंच बोलत असणार. घड्याळ दुरुस्त करून घेऊन गेला, पिल्लू इथंच ठेवून गेला. सदानकदा किल्ली दिल्यासारखी पळते म्हणून म्हातारीनं तिचं नाव ठेवलं चावी.

काय सांगू तिचे गुण. म्हातारी उठून पाणी प्यायला गेली, की ही टेबलावर. मला पंजानं एक टोला, दुसरा टोला, टेबलाच्या कडेपर्यंत. तिथं थांबायचं. म्हातारी दारात आली, की तिच्या डोळ्याला डोळा भिडवून तिसरा टोला. मी चपलेत पडलेय, केरात पडलेय, तिच्याच पाण्याच्या वाटीत पडलेय. घड्याळांचे पट्टे चावून ठेवायचे. सुट्या भागांच्या झाकणात अंग दुमडून झोपायचं. एवढी दरोडेखोर, पण दाराबाहेर जिना दिसला की कपाटामागे. जन्मात उंबरा ओलांडला नाही. खिडकीशी कबुतर बसलं, की हनुवटी थरथरवून लांबूनच शिव्या घालायची.

“अगं भवाने,” म्हातारी ओरडायची. तिच्या आवाजात राग असायचा, पण हात मात्र त्याच भवानीच्या कानामागे खाजवत असायचा. माझ्या कड्याला तडा गेला, तेव्हा मला कुणी कुरवाळलं नाही.

आणि मग तिनं मला उजव्या डोळ्यावरून काढून डाव्या डोळ्यावर लावलं.

हा धंदा ज्याला ठाऊक आहे त्याला यातलं गांभीर्य कळेल. भिंगाचा डोळा ठरलेला असतो. इतकी वर्षं उजव्यात बसून मला त्या भुवईची सवय झालेली. डाव्या बाजूला मी सारखी घसरायची. काही काळानं डाव्यातही ती मला तिरपी धरायला लागली, समोरच्या वस्तूकडे मान वाकडी करून कडेनं बघायला लागली. माझी काच स्वच्छ होती. पुसून पुसून तिनं फडकं झिजवलं, पण मळ माझ्यात नव्हता. तिच्या डोळ्यातच मधोमध काहीतरी विझत चाललं होतं. चिमटा स्क्रूच्या शेजारी टेकायचा. काटा वाकायचा. झाकण लावून दिलेल्या घड्याळात आतलं चाक सैल राहायचं.

पहिल्यांदा गिऱ्हाईक परत आलं, तेव्हा तिनं घड्याळ उलटसुलट केलं. मग म्हणाली, “ही मेली मांजर. स्क्रू पळवला हिनं.”

स्क्रू तिच्याच मांडीवर पडला होता. मी बघितला. मी काही बोलले असते का? मुळीच नाही. माझी शत्रू बदनाम होत होती, मी मजेत होते. दुसऱ्यांदाही तिनं चावीचंच नाव घेतलं. गिऱ्हाइकं हसायची, “तुमची चावी फारच वांड हो,” म्हणायची. चावी बसायची मिशा पुसत. म्हातारीला मांजरीवर आळ घालणं सोपं होतं. खुर्ची सोडणं नव्हतं. ज्या खुर्चीसाठी ती नवऱ्याशी भांडली, ती एका डोळ्यापायी कशी सोडेल? लेक दवाखान्यात रक्त तपासते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाच्या काचेतून बघते. तिला एक शब्द सांगितला, तर ती दुसऱ्या दिवशी टेबल उचलून टाकेल, ही म्हातारीची भीती. आणि लेकीला आईच्या डोळ्याभोवतीची खूण उजवीकडून डावीकडे गेलेली दिसली नाही.

आता माझी अवस्था ऐका. मी पत्र्याच्या डबीत असते. टेबल खिडकीशीच आहे, पण त्यावर घड्याळं नाहीत, ती बया पसरलेली असते. डॉक्टर म्हणाले, नजरेतलं मधलं गेलेलं परत येणार नाही, कडेचं राहील. म्हणून पळणारी चावी म्हातारीला दिसते, समोर बसलेली दिसत नाही. दुपारी म्हातारी डबी उघडते, मला उन्हात धरते, माझ्या काचेवरचा कवडसा भिंतीवर नाचवते, आणि चावी त्याच्यामागे उड्या मारते. मी, जिनं केसाएवढ्या स्प्रिंगा उलगडल्या, ती आता मांजरीचं खेळणं. म्हातारी हसते. मला ते हसणं सहन होत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी घड्याळं दुरुस्त करत असेल, तर त्याला सांगा, मला घेऊन जा. माझ्यात अजून जोर आहे. फक्त एक अट आहे, घरात मांजर नको.

पण भांडण अर्धवट राहिलं. ते सांगते आणि गप्प बसते.

ड्रायव्हर उठला. घड्याळ खिशात टाकायला त्यानं हात पुढे केला, आणि म्हातारीनं ते मुठीत धरून ठेवलं. लेकीनं टोपली उचलली. “माझ्या ओळखीच्या गोदामात उंदीर झालेत,” ती म्हणाली. “तिथं नेते. खायला मिळेल, राहायला मिळेल.”

“गोदामाला फाटक आहे?” म्हातारीनं विचारलं.

“फाटक कसलं. उघडं आवार आहे.”

“कुत्री?”

“असतील. मांजर आहे ती, पळेल.”

“ती जिना बघून मुतते.”

“मग तूच सांग मी काय करू. गिऱ्हाइकं तोडायची की मांजर? दादा, तुम्हीच सांगा.”

“मला मध्ये घेऊ नका,” ड्रायव्हर म्हणाला.

टोपलीतला खरखराट थांबला होता. मी डाव्या डोळ्यावर बसून वाट बघत होते. म्हातारी म्हणेल, ने तिला. म्हणायलाच हवं होतं. ती गेली असती, तर आळ घालायला कुणी उरलं नसतं, पण टेबल राहिलं असतं, मी राहिले असते, आणखी काही दिवस तरी आम्ही दोघींनी निभावलं असतं. आयुष्यभराची सोबत एकीकडे, आणि पेटीतून निघालेलं भटकं कातडं दुसरीकडे. यात विचार करण्यासारखं काय होतं?

तिनं ड्रायव्हरच्या हातात त्याचं घड्याळ ठेवलं. मग मला डोळ्यावरून काढलं. फडक्यानं पुसलं, आधी पोट, मग कडं, अगदी तडा गेलेल्या जागेवरून हलक्या हातानं. मला डबीत ठेवलं आणि वरून झाकण लावलं.

आत अंधार झाला. मला पुढचं दिसलं नाही, फक्त म्हातारीचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखाच, गिऱ्हाइकाचं खोटं पकडल्यावर असतो तसा.

“उघड ती टोपली; तू समोर उभी आहेस तर मला तुझं नाक दिसत नाही, स्क्रू कुठला दिसतोय.”