दोन झाडांचा मोहोर

मी एक उंच, गप्प आणि डूख धरून बसलेली जिराफ आहे. मित्रांनो, नायजर देशातल्या कुंपण नसलेल्या शेतांमध्ये माझा जन्म झाला. आई उभी होती, आणि मी माणसाच्या उंचीवरून थेट वाळूत पडले. तिने हातभर लांब, जांभळट जिभेने मला चाटलं. त्याच जिभेने ती काट्यांमधून बाभळीचा पाला अलगद ओढायची. मीही तेच शिकले. पाणी आम्ही क्वचितच पितो. पिताना पुढचे पाय फाकवावे लागतात, आणि तेव्हा कोणीही यावं आणि मारावं.

पण आईचा घात पाण्यावर झाला नाही.

मुंकैला नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात त्याच्या आईने लावलेली आंब्याची दोन झाडं होती. आम्ही फळं खाऊ नयेत म्हणून त्याने एका खोडाला तारेचा फास बांधला. माझ्या आईचा पुढचा पाय त्यात अडकला.

"बाबा, तार तोडा ना!" त्याची लहानगी हाम्सातू रडत होती.

"जवळ गेलो तर लाथेने डोकं फोडेल माझं. सुटेल आपोआप. तू घरात हो बघू."

आई तीन दिवस उभी होती. चौथ्या दिवशी बसली, ती उठली नाही. मी तेव्हा चार वर्षांची होते.

आमची एक लाथ सिंहाला पुरते. मुंकैलाही एका लाथेत मेला असता, पण मेलेल्याला दुसरी मारून काय उपयोग? मी त्याच्या आंब्यांचा मोहोर निवडला; मोहोर नाही, तर फळ नाही.

दर जानेवारीत, शुक्रवारी दुपारी, गाव मशिदीत गेलं की मी यायचे. मला दूरवरचा रस्ता दिसतो, आणि वाळूत माझी पावलं वाजत नाहीत. शेंड्यापर्यंतचा एकेक तुरा खुडून मी निघून जायचे. मग बाभळीखाली सावकाश रवंथ करायचे.

मुंकैला मात्र मे महिन्यात काठी घेऊन राखणीला बसायचा.

"काय राखतोस रे, सावली?" शेजारचा जिबो हसायचा. "झाडांना शिंगं फुटतील एक वेळ, आंबे नाही लागायचे!"

"तुझ्या जिभेला फुटोत!"

सातव्या वर्षी तो कुऱ्हाड घेऊन आला. हाम्सातू आता मोठी झाली होती. तिने त्याचा हात धरला.

"बाबा, वर बघा, नुसते देठ उरलेत. मोहोर येतो. कोणीतरी खुडतंय." मग तिला बाभळीखाली मी दिसले. आमचे ठिपके एकीचे दुसरीसारखे नसतात. "ही तिचीच मुलगी. तेव्हा जवळ उभी होती ना, ती."

"सात वर्षं?" तो पुटपुटला. "माझ्या आईची झाडं आहेत ती."

"आणि तार कोणाची होती, बाबा?"

तार अजून तिथेच होती. सालीने ती गिळली होती. त्याने झाड तोडलं नाही. संध्याकाळपर्यंत कुऱ्हाडीच्या टोकाने तार कोरून काढली. बोटं रक्ताळली, तरी थांबला नाही.

या जानेवारीत दोन्ही झाडं मोहोराने लवली. मुंकैला दारात बसून होता. त्याने काठी उचलली नाही.

मी सगळा मोहोर खाल्ला.

तार काढायला त्याला सात वर्षं लागली. माझा डूख सोडायला मलाही तेवढीच लागतील. त्यातलं एक झालं.

मित्रांनो, तुमच्या शेतात कुठे तार बांधलेली असेल, तर आजच काढा. आम्ही रवंथ करणारी जनावरं आहोत.