डोक्याकडची दोरी

टॉर्किलने स्वतःच्या मयताची आमंत्रणं स्वतःच वाटायचं ठरवलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, "शुद्धीवर आहेस ना?"

"शुद्धीवर आहे तोवरच वाटतो," तो म्हणाला. "गाडी काढ, ईशबेल. घाई नाही. दिवसभर रमतगमत जाऊ."

टॉर्किल माझा थोरला भाऊ. डॉक्टरांनी त्याला फार तर पानगळीपर्यंतची मुदत दिली होती. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरवायला आठ दोऱ्या असतात, आणि कुणी कुठली धरायची ते कार्डावर आकडा घालून कळवतात. एक नंबर डोक्याकडची, ती सगळ्यात जवळच्या माणसाची. दोन नंबर पायाकडची. हे सगळं माणूस गेल्यावर घरचे लोक करतात, पण टॉर्किलला एवढा धीर कुठला! आठ कार्डं खिशात घालून, लोकरीची टोपी कानांवर ओढून स्वारी माझ्या शेजारी येऊन बसली.

मे महिना होता आणि आमच्या थंड, पावसाळी मुलखात चक्क ऊन पडलं होतं. रस्ता एकेरी. समोरून गाडी आली की रुंद जागेत सरून वाट द्यायची आणि हात हलवायचा. टॉर्किल दिसेल त्याला हात हलवत होता, मेंढ्यांनासुद्धा. तळ्याकाठी थांबून आम्ही धुरी दिलेल्या माशाचं गरम सूप प्यालो. शाळेतल्या दोस्ताला त्याने पाच नंबर दिला, तर तो बिचारा दारातच ढसाढसा रडला. कुंपणावरून चाळीस वर्षं भांडलेल्या आंगसला आठ नंबर.

"सगळ्यात शेवटचा होय रे?" आंगस म्हणाला.

"धरायचा तर धर."

"धरतो, धरतो. तू नक्की खाली गेलास याची खात्री तरी होईल."

दोघं खोकला लागेपर्यंत हसले.

दुपार कलली तेव्हा दोनच कार्डं उरली होती, आणि शेवटचं घर मर्डोचं. मर्डो आमचा चुलत भाऊ, चर्चच्या पंचांपैकी एक. तो म्हणेल ती पूर्व दिशा.

"एक नंबर कुणाला?" मी विचारलं.

"मर्डोला. मान आहे त्याचा. दोन त्याच्या मुलाला."

"आणि मी?"

"तू घरी सूप बघशील ना! लोक थंडीतून येतील." हे तो इतकं सहज बोलला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गाडी रुंद जागेत घेतली, बंद केली आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली.

"आई गेली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते," मी म्हणाले. "तुम्ही पुरुष पेटी घेऊन निघालात आणि मी स्वयंपाकघरात सँडविचं कापत बसले. आईला खाली ठेवताना मी पाहिलं नाही, टॉर्किल. बाबांनाही नाही. पण तुला मीच ठेवणार. सूप गेलं चुलीत!"

"आपल्या गावात बायका दोरी धरत नाहीत. नियम काय मी केलाय?"

"मग मोडायला कुणाची परवानगी हवीय तुला?"

"मर्डो यायचाच नाही. मुलालाही येऊ देणार नाही."

"नको येऊ देत. सात जण पुष्कळ झाले. तुझं वजन तरी उरलंय कितीसं!"

एक गाडी शेजारून गेली, तिच्यातल्या बाईने हात हलवला, पण टॉर्किलचं लक्षच नव्हतं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देणार नव्हते. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली, मर्डोचं नाव खोडलं आणि कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. दुसऱ्या कार्डावर मर्डोच्या मुलाचं नाव खोडून मर्डोचं लिहिलं.

"त्याला तूच सांग," तो म्हणाला. "माझ्यात भांडायचं बळ नाही."

मी गाडी सुरू केली.

मर्डोने चहा दिला, ओटची बिस्किटं आणि लोणी पुढे केलं. मग कार्ड वाचून त्याने चष्मा काढला. "दोन? मग एक कुणाला?"

"मला," मी म्हणाले.

"बाईमाणूस डोक्याशी? अगं, पोरखेळ आहे का हा?"

"नाही. म्हणून तर मी धरतेय."

"पेटीचं सगळं वजन हातावर येतं, ईशबेल. सगळ्यांदेखत हा हातातून सुटला तर? टॉर्किल, तू तरी बोल काहीतरी!"

मी तोंड उघडणार तोच टॉर्किलने कप खाली ठेवला.

"आज सकाळी मला आंघोळीच्या टबातून कुणी उचललं, मर्डो? काल कुणी उचललं? चार महिने झाले, रोज उचलतेय. अजून एकदाही तिच्या हातून सुटलो नाही मी."