कूलर कुणी बंद केला

दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला लोकांच्या भीतीची सवय होते. धाकटीलाही झाली होती. खुर्चीत बसल्यावर भलेभले घाम पुसू लागत, आणि ती हातातला ट्रे बाजूला ठेवून सांगायची, "नाकानं श्वास घ्या. डोळे उघडे ठेवा. काही होत नाही." माणसं खरंच शांत व्हायची. डॉक्टरीणबाई गमतीनं म्हणायच्या, "माझ्या भुलीपेक्षा तुझीच लवकर चढते." पण स्वतःवर वेळ आली तेव्हा धाकटीला यातलं एक अक्षरही आठवलं नाही.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा. एरवी घरात ती आणि सासू, दोघीच. इमारतीतला सगळ्यात वरचा मजला. उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकवली तर चटका बसायचा. थोरला दीर, ज्याला ती दादा म्हणायची, दोन गल्ल्या सोडून राहत होता. आईचा खर्च दोघा भावांनी वाटून घ्यायचा असं ठरलेलं होतं, त्यात विजेचं बिलही आलं. त्यावरून कधी शब्दाला शब्द लागला नव्हता.

मग गावाबाहेर, जुन्या काचकारखान्याच्या जागेवर, डेटा सेंटर आलं. पांढरी, लांबच लांब, एकही खिडकी नसलेली इमारत. आत कॉम्प्युटरच्या रांगा आणि त्यांना गार ठेवणारी यंत्रं, अष्टौप्रहर चालू. काचकारखाना बंद पडल्यापासून दादा मिळेल ते काम करत होता, त्याला तिथे यंत्रं सांभाळायची नोकरी लागली. सगळ्यांना बरं वाटलं. त्याच सुमारास त्या इमारतीसाठी नव्या जाड तारा ओढल्या गेल्या, नवं सबस्टेशन उभं राहिलं, आणि घरोघरच्या बिलात 'विस्तार आकार' नावाची एक ओळ उगवली. सुरुवातीला ती कुणाच्या डोळ्यावर आली नाही. पुढे मात्र तिनं चांगलंच बाळसं धरलं. घरातले दिवे तेवढेच, पंखे तेवढेच, आणि बिल मात्र दर खेपेला छातीत धस्स करणारं.

एका रविवारी दादा ते बिल उलटसुलट करून पाहत होता. पाहता पाहता म्हणाला, "दिवसभर घरात असतं कोण? कूलर चालतो कुणासाठी?"

बोलण्यात राग नव्हता, विचार करता करता तोंडातून निसटलं होतं. सासू खाली बसून भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. धाकटी चहा टाकायला उठली आणि विषय तिथेच राहिला.

ऐन उन्हाळ्यात एके दिवशी दवाखान्यातले दुपारचे पेशंट आले नाहीत आणि डॉक्टरीणबाईंनी तिला लवकर सोडलं. जिना चढताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलं ते दारात उभी राहिल्यावर कळलं. आतून आवाज नव्हता. त्यांचा कूलर इतका खडखडायचा की खालचे लोक कुरकुर करायचे. आज मात्र दारापलीकडे चिडीचूप.

तिनं आपल्या किल्लीनं दार उघडलं. घर भट्टीसारखं तापलं होतं. फ्रिजचा प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवली होती. सासू स्वयंपाकघराच्या फरशीवर कुशीवर पडली होती. ओठ कोरडे, अंग लालभडक आणि घामाचा टिपूस नाही.

"आई," तिनं हाक मारली. "आई, अहो आई."

सासूनं डोळे किलकिले केले आणि कुठल्यातरी भलत्याच बाईला हाक मारावी तसं काहीतरी पुटपुटली. फोनवर आकडे दाबताना धाकटीची बोटं ऐकेनात. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिनं चादर ओली करून सासूच्या अंगावर टाकली, तांब्यावर तांबे पाणी ओतलं, वाऱ्यासाठी पुठ्ठा हलवत राहिली. एवढं करताना कूलर चालू करायचं तिला सुचलंसुद्धा नाही. सासू आपल्या डोळ्यांदेखत जाणार, एवढंच तिला दिसत होतं.

सासू वाचली. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो.

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी सासू खाली आवाजात म्हणाली, "तू गेलीस की मी बंद करते. तुझी पावलं जिन्यावर वाजली की लावते. काल डोळा लागला गं."

"पण का, आई? बिल भरतोच की आपण."

"बिलाचं काय. दोघा भावांत माझ्यावरून वाकडं यायला नको. आज कूलर कुणासाठी म्हणाला, उद्या म्हणेल म्हातारी कुणासाठी." तिनं धाकटीचं मनगट धरलं. "त्याला यातलं काही सांगू नकोस. मनाला लावून घेईल."

धाकटीनं मान डोलवली. दादा आला, आईच्या उशाशी बसला, डोळे पुसले. "लाईट गेली होती का?" त्यानं विचारलं. धाकटी पाण्याची बाटली भरायला उठली.

समोरच्या घरात एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर राहायच्या. सगळे त्यांना टेलिफोनबाई म्हणत. आवाज असा, की त्यांना फोनची गरज काय, असा प्रश्न पडावा. वीज आयोगाची जाहीर सुनावणी होणार होती. डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या तारांचा आणि सबस्टेशनचा खर्च यापुढे कुणाच्या माथी मारायचा, हे तिथे ठरणार होतं. बाईंनी गल्लीतल्या लोकांना गोळा केलं होतं.

"तू बोलायचंस," त्या धाकटीला म्हणाल्या.

"मला नाही जमणार, काकू. आमचे दादा तिथेच कामाला आहेत."

"म्हणून काय झालं? त्यांच्याविरुद्ध कुठे बोलायचंय? घरात काय झालं तेवढं सांग. बाकीचे आम्ही तावातावाने भांडूच, पण भांडणाऱ्याचं कोण ऐकतं?"

नवऱ्याला फोन केला तर तो कुठल्याशा धाब्यावर होता. म्हणाला, "दादाच्या पोटावर पाय येईल असं काही करू नकोस." मग थोड्या वेळानं म्हणाला, "पण आई गेली असती गं." आणि निर्णय तिच्यावरच सोडून त्यानं फोन ठेवला.

सुनावणीचा हॉल इतका गार होता की धाकटीच्या अंगावर काटा आला. समोर उंच टेबलामागे आयोगाचे तिघे, मधोमध पिकल्या केसांच्या अध्यक्षबाई. उजव्या बाजूला निळ्या टी-शर्टातले लोक रांगेनं बसले होते. डेटा सेंटरनं गावाला नोकऱ्या दिल्यात हे दाखवायला कंपनीनं आपल्या माणसांना बसमधून आणलं होतं. दुसऱ्या रांगेत दादा होता.

त्यानं तिला पाहिलं. भुवया आक्रसल्या. तू इथे कशी, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. धाकटीनं उठून जायचं ठरवलंही, पण टेलिफोनबाईंचा जाडजूड हात तिच्या गुडघ्यावर होता.

वीज कंपनीचे वकील आधी बोलले. तारा सगळ्यांच्याच कामाच्या आहेत, उद्या गाव वाढलं तर त्याच वापरात येतील, म्हणून खर्चही सगळ्यांनी वाटून घेणं न्याय्य आहे, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला ते अगदी बरोबर वाटत होतं. धाकटीला आणखीच भीती वाटली. यांच्यापुढे आपण काय बोलणार?

तिचा पुकारा झाला. ती माईकपाशी उभी राहिली. तिनं कसंबसं सांगितलं. आपण कामाला जातो, घरी सासू असते, बिल वाढत गेलं, सासूनं कूलर बंद ठेवायला सुरुवात केली, आणि एके दिवशी ती फरशीवर सापडली. बोलून झाल्यावर तिला वाटलं, सुटले.

पण वकील उठले. आवाज मऊ, जवळजवळ प्रेमळ. "ताई, आपल्या सासूबाई बऱ्या आहेत ना आता? चांगलं झालं. एवढंच विचारतो. आमच्या कंपनीनं आपली वीज तोडली होती?"

"नाही."

"तशी नोटीस दिली होती?"

"नाही."

"मग कूलर कुणी बंद केला?"

"त्यांनीच. सासूबाईंनी."

"स्वतःच्या हातानं. असं का बरं केलं त्यांनी?"

धाकटीची नजर नको तिथे, दुसऱ्या रांगेकडे गेली. दादा पुढे वाकून ऐकत होता. त्यालाही हेच तर जाणून घ्यायचं होतं. खरं सांगितलं तर भर सभेत त्याला उघडं पाडल्यासारखं होईल, सासूला दिलेला शब्द मोडेल. खोटं सांगितलं तर वकील हसून खाली बसतील आणि म्हातारीनं उगाच वेडेपणा केला असंच सगळ्यांना वाटेल. तिनं माईकच्या टेबलाची कड धरली.

"भीतीनं," ती म्हणाली.

"कशाची भीती, ताई? बिल तर आपण वेळेवर भरत होतात."

"आपण घरावर ओझं झालो, याची." आता तिला थांबता येईना. "बिल कुणी वाढवलं ते त्यांना कुठे दिसत होतं? त्यांना घरातलीच तोंडं दिसत होती. बिल वाढलं की घरात माणूस माणसाकडे बघायला लागतो, कोण किती वापरतं म्हणून. आमच्याकडे वाईट कुणीच नाही, साहेब. तरी एका म्हातारीला वाटलं की आपण नसलो तर बरं."

वकिलांनी कागद सारखे केले आणि म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत."

धाकटी जागेवर परतली तेव्हा दादाची खुर्ची रिकामी होती.

घरी परतताना तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दाराबाहेर दादाचे बूट दिसले. तिचा हात बेलपर्यंत जाईना. आत आपला पाणउतारा होणार, कदाचित भावाभावांचं कायमचं तुटणार, आणि हे सगळं आपल्या तोंडामुळे. शेवटी दार दादानंच उघडलं. निळा टी-शर्ट अजून अंगात होता.

"ये," तो म्हणाला. "आईला औषध दिलंय."

तो आईजवळ जाऊन बसला. मग आईकडे न बघता म्हणाला, "मी बोललो होतो ते. त्या रविवारी."

"अरे, तू आपलं सहज बोललास," सासू म्हणाली.

"सहजच. म्हणून तर."

"दादा, तुमच्या नोकरीचं..." धाकटी म्हणाली.

"सुपरवायझरनं हॉलमधून जाताना पाहिलंय मला. बघू काय होतं." त्यानं आईच्या औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. घाबरलेला दादा तिनं आजवर पाहिला नव्हता.

नोकरी गेली नाही. पण त्याला यंत्रांवरून काढून गेटवर बसवलं, आणि आता रोज काम संपेपर्यंत त्याच्या डोक्यावर टांगती तलवार असते. आयोगाचा निकाल पाऊस सुरू झाल्यावर आला. एवढी वीज घेणाऱ्यांचा गट वेगळा केला; त्यांच्यासाठी ओढलेल्या तारांचा आणि सबस्टेशनचा खर्च त्यांनीच उचलायचा, आणि उद्या ते गाशा गुंडाळून गेले तरी उरलेला बोजा घरगुती ग्राहकांवर टाकायचा नाही, त्यासाठी त्यांच्याकडून आधीच तारण घ्यायचं. बिलातली ती ओळ गेली. आधी भरलेलं मात्र परत मिळणार नव्हतं. टेलिफोनबाईंनी गल्लीभर पेढे वाटण्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी ती मागे घेतली, कारण वीज कंपनी आणि डेटा सेंटर दोघांनीही वरच्या कोर्टात अपील केलं होतं.

"पुन्हा जावं लागेल," त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "या वेळी जबाब लिहून द्यायचा, शपथेवर. तू देशील ना?"

धाकटीला तो गार हॉल, तो माईक आठवला. ती हो म्हणाली.

दादा आत आईचे पाय चेपत बसला होता. तो म्हणाला, "मीही येतो. पण मागे बसेन."

"चालेल," धाकटी म्हणाली.