चढावर अडलेली मालगाडी

बाळांनो, डोळे मिटा आणि कोळशावर चालणारं एक काळंकुट्ट इंजिन समोर आणा. मागे कापसाच्या गाठींचे डबे, पुढे चढ. चाकं गरगर फिरताहेत, पण गाडी जागची हलत नाही. चाकांना पकड मिळावी म्हणून इंजिनात वाळूची पेटी असे. ड्रायव्हरने रुळांवर वाळू सोडली, तरी चाकं घसरतच राहिली.

इस्लापूरजवळच्या एका गावात हे घडलं, त्याला पन्नास वर्षं होत आली. त्या संध्याकाळी अडलेल्या गाडीतून दोन गाठी चोरीला गेल्या आणि आळ आला गावातल्या पिराजीवर. तो नुकताच रेल्वेचं फाटक ओलांडून गेला होता आणि त्याच्या बैलगाडीला वंगणाचा डबा टांगलेला होता. गावातल्याच ईश्वरप्पाने रुळाला हात लावला आणि म्हणाला, "बुळबुळीत हाय. यानंच वंगण फासलं." तेव्हापासून पिराजीचा 'वंगण्या' झाला.

आता त्याची नात तनुजा सातवीत आहे. "वंगण्याची नात आली, दप्तरं सांभाळा," असं पोरं म्हणतात. तिला राग येतो. पण आबा खरंच चोर असतील का, ही शंका तिच्याही मनातून जात नाही.

एकदा तिने विचारलंच. "आबा, रुळाला वंगण लावलं हुतं का?"

"न्हाई. त्या साली वाणी किडे लई झाले हुते. रुळावर चिरडून त्यांचाच चिखल झाला."

"मंग तवा सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं की. लोक म्हणले, किड्यानं इंजिन अडतं, तर मुंगीनं विमानबी पडंल."

तनुजाला हसू आलं, पण पटलं नाही. यंदाही सोयाबीनमध्ये हे शेकडो पायांचे, वेटोळं करून बसणारे वाणी होतेच. तिने फावडं तिरकं ठेवून त्यावर लोखंडी वजन ठेवलं. टिकलं. फावड्याच्या एका कडेला काठीने वाणी चिरडून वजन पुन्हा ठेवलं, तर सुर्रकन खाली आलं. मग दुसऱ्या कडेला वंगण फासलं. तिथूनही वजन तसंच घसरलं. म्हणजे काहीच ठरेना.

तिने फावडं नाकाशी नेलं. वंगणाचा वास ओळखीचा, वाण्यांचा मात्र इतका उग्र की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी ईश्वरप्पाच्या हाताला यातला कोणता वास होता? त्यालाच जाऊन विचारते, असं ती आबांना म्हणाली.

"जाऊ दे बाई," आबा म्हणाले. "त्या म्हाताऱ्याला आता काय आठवतंय?"

आबा मला अडवताहेत का? तिच्या मनात पाल चुकचुकली.

तनुजाने फावडं उचललं, थेट पारावर गेली आणि ते तिथे बसलेल्या ईश्वरप्पाच्या पुढ्यात धरलं. "आजोबा, दोन्ही कडांचा वास घ्या. त्या दिवशी तुमच्या हाताला कोणता हुता?" कोणती कड कशाची, हे तिने सांगितलं नाही. आणि उत्तराची वाट बघत ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.