काठावरचं नाव

"जरा थांबा, हलू नका," असं म्हणून रंगरावांनी सोनबाच्या छातीवरचं पहिलं पदक दोन बोटांत धरलं आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

झेंडावंदन नुकतंच आटोपलं होतं. चिखलीतल्या त्या सोसायटीचा वॉचमन सोनबा दर पंधरा ऑगस्टला इस्त्रीच्या शर्टावर चार पदकं लावून यायचा आणि झेंड्याची दोरी त्याच्याच हातात दिली जायची. यंदा सेक्रेटरी प्रीतमनं हौसेनं रंगरावांना पुढं बोलावलं होतं. "काका, तुमचा अभ्यास आहे. कुठलं पदक कशाचं, सगळ्यांना सांगा ना."

अभ्यास होता हे खरं. बत्तीस वर्षं रंगराव एका कारखान्याच्या टूलरूममध्ये इन्स्पेक्टर होते. केसाएवढा फरक असलेला जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, त्यांनी कधी पास केला नाही. निवृत्तीनंतर तीच नजर जुन्या लष्करी पदकांवर बसली. पिंपरी कॅम्पातली मोडीची दुकानं आणि भंगारवाले हिंडून त्यांनी त्रेचाळीस पदकं जमवली होती. त्यात एकही नकली नव्हतं. खरं पदक ठशाखाली दाबलेलं असतं, त्याच्या अक्षरांना धार असते. नकली ओतलेलं असतं, त्याची अक्षरं सुजल्यासारखी दिसतात आणि अंगावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. शिवाय खऱ्याच्या काठावर जवानाचा नंबर आणि नाव असतं.

सोनबाच्या पदकांचे काठ कोरे होते.

"ही नकली आहेत," रंगराव म्हणाले. "चारही. ओतीव माल."

आवाजात राग नव्हता. जॉब रिजेक्ट करताना लागायचा तसाच सपाट आवाज.

"नक्की का, काका?" प्रीतमनं विचारलं.

"काठ बघ. नाव कुठंय?"

"व्हय, दुकानातलीच हायत," सोनबा म्हणाला. "पर आमी..."

"दुकानातली?" मागं कुणीतरी हसलं. एका बाईनं पदकांना हात लावणाऱ्या आपल्या मुलीला मागं ओढलं. सोनबानं एकदा सगळ्यांकडं पाहिलं. मग एकेक पिन काढून त्यानं पदकं रुमालात गुंडाळली आणि तो गेटकडं गेला. पाण्याचा टँकर हॉर्न देत होता.

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर 'बोगस फौजी' हा शब्द फिरला. आठवड्याभरात गेटवर सोनबाच्या जागी सिक्युरिटी एजन्सीची दोन नवी पोरं उभी राहिली. आपण फक्त धातूबद्दल बोललो, माणसाबद्दल नाही, असं रंगराव स्वतःला सांगत राहिले.

दसरा झाल्यावर एका दुपारी त्यांच्या दाराची बेल वाजली. कंपनीचा निळा कोट घातलेली पंचविशीतली मुलगी दारात उभी होती.

"रंगराव काका तुमीच का? मी दीपमाला, सोनबांची मुलगी. अप्पांची छत्री केबिनमधी ऱ्हायली व्हती, ती न्यायला आले. म्हनलं, तुमाला भेटूनच जावं."

तिनं पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपलेलं एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. फौजेतून निवृत्त होताना मिळतं ते. रंगरावांनी पानं उलटली. सतरा वर्षांची नोकरी, फोटो, शिक्के. एका पानावर चार पदकांची नावं टाईप केलेली होती. तीच चार.

"खरी व्हती घरात," दीपमाला म्हणाली. "काठावर अप्पांचं नाव पन व्हतं. आमी राजगुरुनगरला लग्नाला गेलो आन् मागं कुनीतरी घर फोडलं. ट्रंकच उचलून नेली. चोरांना चांदी वाटली आसंल. मग अप्पांनी फौजी सामानाच्या दुकानातनं आनली. लई फौजी घेत्यात, काका. उघड विकत्यात तितं."

"मग त्या दिवशी ते बोलले का नाहीत?"

"बोलत व्हते. तुमी आयकलं का?"

रंगरावांनी पाणी आणलं. तिनं घेतलं नाही. सेकंड शिफ्टची बस चुकेल म्हणून ती निघून गेली.

ती गेल्यावर त्यांनी कपाटातला खोका काढला. आजवर त्यांनी विक्रेत्याला माल खरा की खोटा एवढंच विचारलं होतं. आला कुठून, हे कधीच नाही. एकेक पदक खिडकीशी धरून ते काठ वाचत गेले. शिपाई, नाईक, हवालदार. त्रेचाळीस नावं. सोनबाचं नाव त्यात नव्हतं. पण त्यांना सुटल्यासारखं वाटलं नाही. यातली किती नावं अशीच कुणाच्या ट्रंकेतून उचललेली असतील, याचा हिशेब आता लागणार नव्हता.

ते प्रीतमकडं गेले. "काका, आता कशाला उकरायचं?" तो म्हणाला. "एजन्सीचं काम छान चाललंय." मग रंगरावांनी स्वतःच ग्रुपवर सगळं लिहिलं. सोनबा खरा फौजी आहे, चूक माझी आहे. दोघांनी जोडलेले हात पाठवले. त्याखाली गुरुवारी पाणी येणार नसल्याचा निरोप आला आणि पुढची सगळी चर्चा पाण्याचीच झाली.

टँकरवाल्याला विचारून ते निघाले, तेव्हा चाकणच्या एका गोदामाच्या गेटवर सोनबा त्यांना भेटला. त्यानं आपली खुर्ची रंगरावांना दिली आणि स्वतः उभा राहिला.

"चुकलं माझं, सोनबा."

"पदकं नकलीच व्हती की, साहेब. तुमी खोटं न्हाई बोलला."

"परत चला. मी कमिटीशी भांडतो."

"नगं. हितं बरं हाय. हितं कुनी काय इचारत न्हाई."

तेवढ्यात गोदामाचा सुपरवायझर वही घेऊन आला. गाडीचा नंबर लिहिता लिहिता त्यानं सोनबाकडं निरखून पाहिलं. "काका, रोज विचारीन म्हणतो. तुमचं उभं राहणं, चालणं... मिलिटरीत होता का हो?"

रंगराव सांगायला पुढं सरसावले. सोनबानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं.

"न्हाई," तो सुपरवायझरला म्हणाला. "आमी शेतकरी मानूस."

बाहेर कंटेनर येऊन थांबला होता. सोनबा ताठ पावलं टाकत गेला, त्यानं गेटचा आडवा दांडा वर केला आणि गाडी आत जाईपर्यंत तो तसाच धरून उभा राहिला.