मास्तरांचं धनुष्य

मास्तर हाडाचे शिंपी. त्यांनी धनुष्य करायला घ्यावं, याला तसंच काहीतरी कारण लागतं. ते कारण दुकानाच्या वरच्या मजल्यावर खिडकीपाशी बसून असायचं, उजवा हात पोटाशी धरून.

बाई म्हणजे मास्तरांची बायको. तिरंदाजी शिकवण्यात त्यांची उमर गेली, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत, घरात मास्तरसुद्धा. गेल्या वर्षी माळ्यावरची पेटी काढताना त्या स्टुलावरून पडल्या आणि खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळून आलं, पण खाली आलेला हात पुन्हा वर जायचं नाव घेईना. बाईंनी आपलं धनुष्य क्लबला देऊन टाकलं आणि मैदानाकडे पाठ फिरवली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने ताणायला रबरी पट्टा दिला होता. तो बाईंनी पिठाच्या डब्याला बांधला, कारण त्याचं झाकण सैल झालं होतं.

एकदा त्या मुलीचं लक्ष कपाटाकडे गेलं. बाईंचा प्रत्येक कपडा पुढून उघडणारा, पुढे बटणं.

"हे कोणी शिवलं?"

"मी," मास्तर म्हणाले आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

"यांना हात वर करायला लागू नये म्हणून?"

"हो ना. त्रास होतो तिला."

"काका," ती मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "तुम्ही यांचा खांदाच शिवून टाकलाय. आणखी काही महिने असेच गेले, तर तो कायमचा आखडेल. मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या मायेने घातलेला एकेक टाका त्यांना आता टोचायला लागला. बायकोला समजावणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ते एकाही वादात जिंकले नव्हते. पण तिची एक खोड त्यांना पक्की ठाऊक होती. कोणी काही चुकीचं करताना दिसलं की बाईंना गप्प बसवत नसे. बसच्या रांगेतल्या अनोळखी माणसालासुद्धा त्या म्हणायच्या, "पाठ सरळ करा." तेव्हा मास्तरांनी ठरवलं, तिच्या डोळ्यांदेखत धनुष्य करायचं. ते चुकेल याची त्यांना काळजी नव्हती. चुकवायला मुद्दाम काही करावं लागणार नव्हतं.

वखारीत त्यांनी प्रत्येक फळी उजेडात धरून पाहिली. कापडाचा उभा धागा बघावा तशा लाकडाच्या रेषा बघितल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाणाऱ्या हव्या होत्या, मध्येच कडेला पळणाऱ्या नकोत.

"मास्तर, फळी घेताय की जावई निवडताय?" वखारवाला वैतागून म्हणाला.

"जावई वाकडा निघाला तरी चालवून घेता येतो," मास्तर म्हणाले.

कापायच्या टेबलावरचं कापड गुंडाळून त्यांनी तिथे फळी मांडली. शिवणकामाच्या खडूने आकार आखला. मध्ये मुठीची जागा जाड, दोन्ही टोकांकडे निमुळतं होत जाणारं. मग कानस घेतली. दुकानात भुसा उडाला आणि एका गृहस्थांच्या अर्धवट शिवलेल्या कोटावर बसला. ते गृहस्थ नेमके तेव्हाच आले.

"माझा कोट?"

"होतोय. जरा ही फळी धरता का?"

वरून जिन्यात आवाज आला, "अहो, कानस आहे ती, इस्त्री नाही! मागेपुढे काय फिरवताय? पुढे जाताना दाबा, येताना उचला."

मास्तर मनातल्या मनात हसले आणि पुन्हा इस्त्रीसारखीच फिरवली. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसल्या.

फळीला धनुष्याचं रूप आल्यावर मास्तरांनी तिला दोरी चढवली आणि मूठ भिंतीतल्या जाड खुंटीवर अडकवली. कोटवाल्यांनी दोरी खाली ओढायची आणि मास्तरांनी लांब उभं राहून वाक बघायचा, अशी वाटणी झाली. सुरुवातीला कोटवाले दोरीला अक्षरशः लोंबकळले, तेव्हा कुठे धनुष्य जरासं वाकलं.

"वरची बाजू कडक आहे," मास्तर म्हणाले आणि वरची बाजू खरवडली. मग खालची कडक वाटली, ती खरवडली. मग पुन्हा वरची. पँटचा एक पाय लांब वाटला की थोडा कापायचा, मग दुसरा कापायचा, हे आयुष्यभर केलेलं काम. पण पँटची कापता कापता चड्डी होते, हे मास्तर ऐन वेळी विसरले. धनुष्य दिवसेंदिवस लेचंपेचं होत गेलं. आता कोटवाले ते एका हाताने ओढत आणि दुसऱ्या हाताने घड्याळ बघत.

बाई पायरी पायरीने खाली सरकत होत्या. एक दिवस त्यांचा संयम सुटला आणि त्या तरातरा दुकानात आल्या.

"काय चाललंय काय तुमचं? चार फटके खरवडता आणि लगेच बघायला पळता! लाकडाला कळायला वेळ तरी द्या. खरवडल्यावर आधी हळूहळू ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. त्याला वाकायची सवय लावायची, मग बघायचं. एकदम हिसका दिला तर तुटतं आणि नुसतं ठेवून दिलं तर..."

"आखडतं?" कोटवाले म्हणाले.

मास्तरांनी घाईघाईने तोंडात टाचण्या धरल्या. शिंप्याला बोलायचं नसलं की त्याहून चांगला बहाणा नाही.

"इकडे आणा ते," म्हणत बाईंनी खुंटीवरचं धनुष्य उतरवायला लावलं. डाव्या हातात मूठ धरली. उजव्या हाताची बोटं दोरीवर आपोआप बसली आणि त्यांनी ती थोडीशी ओढली. धनुष्य इतकं हलकं झालं होतं, की दुखऱ्या खांद्यालाही त्याचं ओझं होईना.

"बघा, खालची बाजू कडक आहे. मध्यावर."

तावातावाने आपण दुखरा हातच वापरतोय याचं बाईंना भान आलं असतं, तर तो तिथेच पोटाशी परत गेला असता. मास्तरांनी टाचण्या काढल्या. खालची बाजू कडक होती हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. रेघ वाकडी असताना सरळ आहे असं त्यांनी जन्मात गिऱ्हाइकालाही सांगितलं नव्हतं.

"मला तर वरची वाटते," ते म्हणाले.

"वरची?" बाईंनी आणखी ओढलं. "आता?"

"वरचीच."

"डोळे तपासून घ्या! आता बघा."

"नाही बुवा. तुम्हाला काय वाटतं?" मास्तरांनी कोटवाल्यांना विचारलं.

कोटवाल्यांना काहीच कळत नव्हतं, पण कोट मास्तरांकडे होता. "वरची," ते म्हणाले.

बाई भडकल्या. त्यांनी पाय रोवले, पाठ सरळ केली आणि दोरी हळूहळू थेट गालापर्यंत आणली. कोपर खांद्याच्या रेषेत वर गेलं होतं आणि चेहरा रागाने लाल झाला होता. गेल्या वर्षभरात मास्तरांनी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

धाडकन आवाज झाला. धनुष्याचे दोन तुकडे दोरीला लोंबत राहिले आणि कोटवाले टेबलाखाली गेले.

मास्तर उभ्या जागी रडू लागले. आवरेनाच त्यांना.

बाई एकदम निवळल्या. तुकडे टेबलावर ठेवून त्या जवळ आल्या. "अहो, रडताय काय लहान मुलासारखे? फळी होती ती. इतके दिवस खपलात, कळतंय मला. उद्या मी येते वखारीत, माझ्या डोळ्यासमोर घेऊ दुसरी." मास्तर चांगले उंच होते आणि बाई त्यांच्या खांद्याला लागत. त्यांनी टाच उचलली, उजवा हात वर नेला आणि मास्तरांच्या डोक्यावरून फिरवायला लागल्या.

टेबलाखालून कोटवाल्यांनी तो हात पाहिला आणि तोंड उघडलं. मास्तरांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

रडू तसं लगेचच संपलं होतं. पण हात खाली येऊ नये म्हणून मास्तर आणखी बराच वेळ रडत राहिले.