तड्यावरची काचपट्टी

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. अंगावरचा घाव उघड दिसत होता, तरी नाही. म्हणून आता तोंडाने सांगते. मी काचपट्टी बोलतेय. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. म्हणजे होते. आता दोन तुकडे आहे.

मी मूळची खिडकीची. दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डाची खिडकी वाऱ्याने आपटली आणि मोठी काच गेली. तिचा धड राहिलेला भाग गवंड्याने जपून ठेवला होता. त्याच्यातून त्याने मला कापलं. काम काय, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिथेच फुटून घेतलं असतं.

वॉर्डाबाहेरच्या भिंतीला छतापासून कमरेपर्यंत तडा गेला होता. वरच्या कचेरीतून इंजिनियर आला, पोरगेलासा, बगलेत कागद. म्हणाला, भिंत सरकते आहे का ते बघू. तड्यावर काचेची पट्टी बसवा. भिंत केसभर हलली तरी पट्टी तुटेल. सहा महिने अखंड राहिली तर दवाखाना चालू. तुटली तर त्याच दिवशी खाली करायचा, आणि मग पाडायचा.

गवंड्याने तड्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक असे प्लॅस्टरचे दोन गोळे थापले, त्यात माझी टोकं रोवली आणि ओल्यातच खिळ्याने तारीख कोरली. झालं. चाळीस खाटांचा दवाखाना, आणि त्याचा जीव वीतभर काचेत.

त्या दिवसापासून माणसं पार बिथरली. माझ्यासमोरून स्ट्रेचर न्यायचं तर चौघं उचलून न्यायचे, चाकं टेकवायची नाहीत. झाडूवाली माझ्याखाली झाडताना श्वास धरायची. खोकल्याच्या म्हाताऱ्याला तर अंगणात पाठवलं, म्हणे तिथे जाऊन पोटभर खोका. अँब्युलन्सचा ड्रायव्हर जाता-येता मला बघायचा आणि म्हणायचा, "नव्या नवरीचंसुद्धा एवढं कौतुक होत नाही." हसायचा, पण गाडीचं दार दोन्ही हातांनी हळूच लावायचा. मला ते कौतुक नको होतं. रात्रंदिवस शंभर डोळे अंगावर घेऊन जगून बघा, मग कळेल.

आणि सगळ्यांवर ताण म्हणजे मोठ्या सिस्टर.

तीस वर्षं त्या दवाखान्यात. कमरेला किल्ल्यांचा हा जुडगा. तो वाजला की पेशंट झोपल्याचं सोंग घ्यायचे. मागे सगळे त्यांना किल्लीबाई म्हणायचे, पण तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. एका वॉर्डबॉयच्या तोंडून एकदा निसटलं, तर त्याला आठवडाभर बेडपॅन धुवायला लावली होती.

त्यांची आई म्हणे बाजारात मडकं घेताना बोटाने वाजवून घ्यायची. नुसतं बघून काय कळतं? आवाज खणखणीत आला तर अख्खं, बद्द आला तर चिरलेलं. सिस्टरांनी तेच मला लावलं. रोज सकाळी आठला राउंड सुरू करायच्या आधी माझ्यापुढे उभ्या राहायच्या, जुडग्यातली औषधांच्या कपाटाची जड पितळी किल्ली काढायच्या आणि माझ्या उजव्या टोकाजवळ वाजवायच्या. टिक. मग कान देऊन ऐकायच्या. मग खाली खडूने एक रेघ. मग कुठे त्यांचा चेहरा सैल पडायचा.

रोज. त्याच जागी. टिक.

अहो बाई, मी मडकं आहे का? पण सांगणार कशी? दुसऱ्या महिन्यात त्या जागी बारीक खळगा पडला. चौथ्यात खळग्याला पाय फुटले, चांदणीसारखे. आणि दिवस सरत आले तशी त्यांची काळजी वाढली. एकाची दोन टिक, दोनाची तीन. भिंत? भिंत जागची हलली नव्हती. तिचा तडा जुना. पूर्वी कधीतरी बसायची ती बसली आणि थांबली. मी तिच्या अंगाला चिकटलेली, मला नाही कळणार तर कोणाला?

एकशे एकाहत्तरावा दिवस. सकाळी तीनदा टिक. आवाज खणखणीत. खडूची रेघ. नऊ दिवस उरले, असं त्या झाडूवालीला म्हणाल्या. आणि दुपारी ऊन भिंतीवर आलं, मी तापले आणि त्या चांदणीतून चर्रकन दोन झाले.

झाडूवालीने पाहिलं आणि झाडू टाकून सिस्टरांकडे पळाली.

तासाभरात इंजिनियर हजर. सिस्टरांनी लपवाछपवी केली नाही, ती त्यांची जातच नव्हती. स्वतःहून म्हणाल्या, "सकाळी आठला मी तपासली. ठणठणीत होती." इंजिनियरने तेच लिहिलं. आठला अख्खी, दुपारी तुटली, म्हणजे भिंत चार-पाच तासांत सरकली. धोका मोठा.

एकटा गवंडी पुढे झाला. "साहेब, भिंत सरकली असती तर ही तड्यावर तुटली असती, मधोमध. ही कडेला तुटलीय. हिला मार लागलाय."

इंजिनियरची पेन्सिल थांबली. माझा जीव त्या पेन्सिलीच्या टोकाशी अडकला. त्याने विचारलं, "मार कोणी दिला?"

सिस्टर उसळल्या. "माझ्या वॉर्डात हिला हात लावायची कोणाची टाप आहे? मिस्त्री, तुम्ही विटा बघा."

पेन्सिल पुन्हा चालू लागली. दिवेलागणीच्या आत दवाखाना रिकामा झाला. एकेका बाईला हाताला धरून सिस्टरांनीच बाहेर काढलं.

पुढे वर्षभर मी कुलपाआड भिंतीवर तशीच. दुसरा दवाखाना दोन तासांवर. धोबिणीची सून वाटेतच रिक्षात बाळंत झाली. दोघं वाचली, पण सगळे इंजिनियरच्या नावाने बोटं मोडू लागले.

मग पाडायचं मशीन आलं. बाकी सगळं दीड दिवसात पडलं. माझी भिंत तीन दिवस पडेना. कुंपणाबाहेर उभी असलेली माणसं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी गवंड्याने मशीन थांबवायला लावलं, मला सोडवून घेतलं आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या सिस्टरांकडे आणलं. रागाने नाही. नुसतं म्हणाला, "हे बघा. एकाच जागी, रोजचा घाव आहे हा."

सिस्टरांनी चष्मा पुसला. कपाट कधीच भंगारात गेलं होतं, पण किल्ली कमरेलाच होती. तिचं टोक त्यांनी माझ्या खळग्यात टेकवलं. बरोब्बर बसलं. त्यांनी ती उचलून पुन्हा टेकवली. पुन्हा तिथेच.

गवंडी हळूच म्हणाला, "मी कोणाला बोलणार नाही, सिस्टर."

माणसांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला डोळ्यांनी जपा. सारखं ठोकून ठोकून बघू नका. अख्खं असलं तरी तुमच्या काळजीने फुटेल. मी फुटले.

तेवढ्यात शेवटची सही करायला इंजिनियर आला. भिंत तीन दिवस उभी होती ते सगळ्यांनी पाहिलं होतं. ड्रायव्हरने जाऊन त्याची गचांडी धरली. "धडधाकट भिंत होती. धडधाकट दवाखाना होता." माणसं गोळा झाली. पोराचा चष्मा खाली पडला. तो नुसता बगलेतले कागद घट्ट धरून राहिला.

सिस्टर गर्दीत शिरल्या. माझे दोन तुकडे तळहातावर, वर ती किल्ली.

"सोड त्याला."

"सोडू? मग दवाखाना बंद पाडला कोणी?" ड्रायव्हर ओरडला.

त्यांनी तळहात सगळ्यांसमोर धरला.

"किल्लीबाईने."